वासरं, पिल्लं, कोंबड्या आणि डेक्सा : कोवळ्या वयात स्टिरॉइड दिलं की प्रतिकारशक्तीचं नक्की काय होतं?

गोठावैद्य (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक आहे, पदव्युत्तर शिक्षण प्रतिकारशास्त्राकडे झुकलेलं आणि सध्या काम गावोगावच्या गोठ्यांवर. बरेच दिवस हा विषय लिहायचा होता कारण गोठ्यात मला दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, ज्यांच्यासाठी डेक्सा (डेक्सामेथासोन, एक जोरदार स्टिरॉइड) म्हणजे सगळ्यावरचा उपाय, ताप आला मारा, सूज आली मारा, खात नाही मारा. आणि दुसरी, जी स्टिरॉइड हा शब्द ऐकला की सिरिंज हातातून काढून घेतात. दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत, ती म्हणजे जनावराचं वय काय. माझं सगळं म्हणणं तेवढ्याच एका गोष्टीभोवती आहे.

मोठ्या जनावराची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. स्टिरॉइडने ती काही दिवस दबते, औषध थांबलं की परत वर येते. कोवळ्या जिवात ती अजून घडत असते. तिचे दोन कारखाने, सस्तन प्राण्यात थायमस (छातीत हृदयाच्या पुढे, आणि वासरात तर मानेच्या दोन्ही बाजूंनी वर चढलेली चांगली मोठी ग्रंथी) आणि कोंबडीत त्याच्या जोडीला बर्सा (गुदद्वाराच्या वरच्या बाजूला असलेली पिशवी). दोन्ही कारखाने लहान वयातच पूर्ण जोरात चालतात आणि जनावर वयात आलं की आक्रसायला लागतात. म्हणजे जे काय घडायचं ते आधीच घडून घ्यायचं असतं.

आता थायमस आणि स्टिरॉइड यांचं जुनं वैर. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवर काम करताना पाहिलं की थंडी, जखम, विषारी द्रव्य, कशाचाही ताण दिला तरी तीन गोष्टी घडतात : अॅड्रिनल ग्रंथी मोठी होते, जठरात व्रण पडतात आणि थायमस आक्रसते. या आक्रसण्यामागे अॅड्रिनलमधून येणारं स्टिरॉइडच होतं हे पुढे कळलं. १९८० मध्ये अँड्र्यू वायली यांनी दाखवलं की स्टिरॉइड मिळालेल्या थायमसच्या पेशी नुसत्या मरत नाहीत, त्या आपला डीएनए ठरावीक तुकड्यांत कापून शिस्तीत आत्महत्या करतात. सगळ्यात जास्त मरतात त्या अर्धवट शिकलेल्या पेशी, ज्यांच्यावर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही खुणा असतात, आणि थायमसमध्ये बहुसंख्य त्याच असतात. म्हणून एका जोरदार डोसनंतर दोन-तीन दिवसांत उंदराची थायमस ओळखू येणार नाही इतकी लहान झालेली दिसते.

प्रौढ उंदरात ती काही आठवड्यांत परत भरते. नवजात उंदरात काय होतं? १९६१ साली जॅक मिलर लंडनमध्ये उंदरांच्या ल्युकेमियावर काम करत होते, त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. तोवर तज्ज्ञांचा समज होता की ही ग्रंथी निकामी आहे, कारण मोठ्या उंदराची काढली तर फारसं काही बिघडत नाही. पण ही पिल्लं सुरुवातीला बरी दिसली आणि मग खंगत गेली, रक्तात लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नगण्य, संसर्गाने मरायला लागली, परक्या उंदराची कातडी लावली तरी शरीर ती नाकारेना. ग्रंथी तीच आणि शस्त्रक्रियाही तीच, फरक होता तो वयाचा. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, नवजात उंदरांना नुसतं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) टोचून जवळपास तसाच खंगण्याचा आजार निर्माण करून दाखवला गेला, चाकू न लावता.

हे वाचून लगेच कुणी डेक्साची बाटली फेकून देऊ नका. उंदीर म्हणजे वासरू नव्हे, तो भाग पुढे प्रतिसादांत येईलच. प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

शिवार_बारामती

ताई नमस्कार, धागा एकदम जिव्हाळ्याचा काढलात. आमच्याकडे एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई आहेत. गेल्या पावसाळ्यात एका कालवडीला, असेल महिना-दीड महिन्याची, ताप आला नाक गळत होतं, जो माणूस उपचाराला आला त्याने अँटिबायोटिक आणि डेक्सा दिलं, दुसऱ्या दिवशी कालवड उड्या मारायला लागली, दूध प्यायली, आम्ही खूश, मग त्यानेच सांगितलं अजून तीन दिवस डेक्सा चालू ठेवू. चौथ्या-पाचव्या दिवशी श्वास फुलायला लागला, पोट हलायला लागलं श्वासाबरोबर आणि न्यूमोनियाने गेली ती. रक्त तपासलं होतं मध्ये, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, तर तो म्हणाला बघा शरीर लढतंय. मग लढत होतं तर गेली कशी हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगाल का

गोठावैद्य

शिवारदादा, वाईट वाटलं वाचून. एकाच कालवडीबद्दल लांबून निदान करणं बरोबर नाही पण त्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल नक्की सांगू शकते कारण ही फसगत मी खूपदा बघते.

न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला अधूनमधून चिकटत, घरंगळत जातात आणि जिथे संसर्ग आहे तिथे भिंत ओलांडून बाहेर पडतात. चिकटण्यासाठी त्यांच्या अंगावर एल-सिलेक्टिन नावाचा रेणू असतो. गाईबैलांवर झालेल्या कामात स्वच्छ दिसलंय की डेक्सामेथासोन दिल्यावर हा रेणू न्यूट्रोफिलवरून झपाट्याने कमी होतो. मग पेशी भिंतीला धरू शकत नाहीत, रक्तातच फिरत राहतात. तुम्ही रक्त काढता तेव्हा मोजणी वाढलेली दिसते. फुफ्फुसात मात्र पोचणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्याच रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटलेले असतील तर समजायचं की हा आकडा स्टिरॉइडने बनवलाय. म्हणून रक्त तपासायला देताना स्टिरॉइड दिलंय का, कधी दिलं, हे लॅबला सांगायचंच.

दुसरी गोष्ट. ताप उतरला, वासरू उड्या मारायला लागलं, हा औषधाचा खरा परिणाम असतो, कुणी खोटं बोलत नसतं. सूज आणि तापाचे निरोप देणारी रसायनंच स्टिरॉइड बंद करतं. जंतूंवर त्याचा काही परिणाम नाही. त्यामुळे आजार ओळखायच्या खुणा पुसल्या जातात आणि आजार आत चालू राहतो.

आणि तिसरी, आयबीआर. गाईंमधला हर्पिस विषाणू, नाक-श्वासनलिकेचा. एकदा झाला की जनावर बरं होतं पण विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत लपून बसतो, आयुष्यभर. संशोधकांना हा लपलेला विषाणू परत बाहेर काढून अभ्यासायचा असेल तर ते काय करतात माहितीये? जनावराला सलग चार-पाच दिवस डेक्सा देतात. ती प्रयोगशाळेतली ठरलेली पद्धत आहे. तेच आपण गोठ्यात तापावर करत असू तर एक जनावर सगळ्या गोठ्याला विषाणू वाटत फिरू शकतं.

शिवार_बारामती

आता समजलं. हे इतकं साधं कुणी सांगत का नाही. धन्यवाद ताई

भुऱ्याची_आई

आमचा भुऱ्या, लॅब्रॅडॉर, आता पाच महिन्यांचा. तीन महिन्यांचा असताना प्रचंड खाजवायचा म्हणून एका ठिकाणी नेलं तर लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, खाज दोन दिवसांत गायब, आणि मग तीन आठवड्यांनी डोळ्याभोवती, पंजांवर केस जायला लागले, कातडी लाल. दुसऱ्या डॉक्टरांनी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर डेमोडेक्स. आता उपचार चालू आहेत, सुधारतोय. पण मला झोप लागत नाहीये की याची प्रतिकारशक्ती कायमची गेली का? आणि त्याच दरम्यान त्याला पार्व्हो-डिस्टेंपरची लस पण दिली होती, ती वाया गेली का?? प्लीज कुणीतरी सांगा

शहरी_पशुवैद्य

भुऱ्याच्या आई, आधी श्वास घ्या. मी रोज कुत्री-मांजरं बघतो म्हणून उत्तर देतो, गोठावैद्य यांनी भर घालावी.

डेमोडेक्स हा किडा जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी थोडा असतोच, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईकडून दूध पिताना येतो. पिल्लाची टी-पेशींची (थायमसमध्ये घडणाऱ्या पेशींची) बाजू सक्षम झाली की तो मर्यादेत राहतो. त्या वयात स्टिरॉइड पडलं की मर्यादा सुटते. म्हणून खाजणाऱ्या पिल्लाची कातडी आधी खरवडायची आणि मग काय द्यायचं ते ठरवायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. आता आयसोक्साझोलिन गटाच्या गोळ्या आहेत, त्यातल्या काही आठ आठवड्यांपुढच्या पिल्लांना चालतात, आणि पूर्वीच्या अमिट्राझच्या आंघोळींपेक्षा खूपच सोपं झालंय. पिल्लातला डेमोडेक्स बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. स्टिरॉइडमुळे ज्याचं वाढलंय त्याचं स्टिरॉइड बंद झाल्यावर आणि नीट उपचार मिळाल्यावर सावरतं. कायमचं गेलं असं मानायचं कारण नाही.

लांब टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, वाढत्या पिल्लाला ते नकोच. गोळी सुरू असेल तर उद्या बंद करता येते. डेपो इंजेक्शन आठवडेच्या आठवडे अंगात राहतं, काही बिघडलं तर परत काढून घेता येत नाही.

लसीबद्दल : बीगल पिल्लांवर १९७९ मध्ये प्रयोग झालाय, त्यांना तीन आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं आणि डिस्टेंपरची लस दिली, तरी अँटिबॉडी तयार झाल्या आणि संरक्षण टिकलं, प्रयोगशाळेत लिम्फोसाइटचा प्रतिसाद मात्र मंदावलेला दिसला. म्हणजे लस आपोआप वाया जात नाही. तरी दक्षता म्हणून आम्ही शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या पुढे पडलाय ना हे बघतो, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी लसीच्या आड येतात ते त्या आधीच्या वयात. तुमच्या डॉक्टरांशी बोलून स्टिरॉइडचा असर संपल्यावर एक डोस पुन्हा घ्या, विषय संपला.

आणि गोठावैद्य, एक गोष्ट उलट्या बाजूची सांगतो नाहीतर लोक टोकाला जातात. तीन आठवडे ते चार महिने वयाच्या पिल्लांत एक आजार येतो, ज्युव्हेनाइल सेल्युलायटिस, तोंड सुजतं, जबड्याखालच्या गाठी टेनिस बॉलसारख्या होतात, पू येतो, ताप. बघणाऱ्याला शंभर टक्के संसर्ग वाटतो आणि अँटिबायोटिक देत राहतात, पिल्लू खालावत जातं. उपचार काय तर प्रेडनिसोलोन, तेही किलोला २ मिलिग्रॅमच्या आसपास रोज, आणि हळूहळू कमी करत. इथे स्टिरॉइड न देणं हीच चूक. कोवळ्या वयात प्रतिकारशक्ती नुसती कमकुवत असते असं नाही, ती बेशिस्तही असते.

गोठावैद्य

शहरी_पशुवैद्य यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. वासरातही अशा जागा आहेत, घशाला सूज येऊन श्वास अडकतोय, किंवा लसीची किंवा औषधाची तीव्र अॅलर्जी आलीये, तिथे मी एक डोस डेक्सा द्यायला क्षणभर थांबणार नाही. जीव आधी. माझा विरोध आहे तो तीन-तीन चार-चार दिवस, कारण न शोधता, वय न बघता चालणाऱ्या डेक्साला.

अजून एक हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवा. शरीराच्या कॉर्टिसॉलपेक्षा प्रेडनिसोलोन सुमारे चौपट जोरदार आणि डेक्सामेथासोन पंचवीस ते तीस पट. म्हणजे १ मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे प्रेडनिसोलोनचे ६-७ मिलिग्रॅम, आणि असर दीड-दोन दिवस टिकतो. दिसायला "थोडंसंच दिलं" असतं.

पोल्ट्रीवाला_नाशिक

ब्रॉयलर करतो. आमच्यात कुणी पक्ष्यांना स्टिरॉइड मुद्दाम देत नाही (लोकांचा गैरसमज आहे की कोंबडी इंजेक्शनने फुगवतात, चाळीस दिवसांच्या एका बॅचला पक्षी धरून धरून इंजेक्शन द्यायला कुणाला परवडतंय, वजन वाढतं ते जातीमुळे आणि खाद्यामुळे). पण बर्साचं नाव काढलंत म्हणून आलो. गंबोरो (कोंबड्यांचा विषाणूचा आजार) मध्ये बर्साच जातो ना. कमी वयात गंबोरो लागला की पुढे ती बॅच कशालाच टिकत नाही, रानीखेतची लस पण नीट लागत नाही, हा अनुभव आहे. मग उन्हाळ्यात हीट स्ट्रेसने पक्ष्याच्या अंगातलं स्टिरॉइड वाढत असेल तर तोच प्रकार होतो का?

मेलबर्नकर

पोल्ट्रीवाला, तुमचा प्रश्न इतका नेमका आहे की नेहमी नुसता वाचणारा मी आज लिहायला बसलो. मी इथे एका प्रयोगशाळेत लिम्फोसाइटवर काम करतो, आणि जॅक मिलर यांनी नंतरचं सगळं आयुष्य याच शहरात काम केलं त्यामुळे हा इतिहास इथे सारखा कानावर पडतो.

बर्साचं वर्णन फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञांनी इटलीत पाडुआला करून ठेवलं, त्यांचं पुस्तक १६२१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. तीनशेहून जास्त वर्षं ती कशाला असते हे कुणाला कळलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी बर्सा काढलेल्या कोंबड्या पाळत होता. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात अँटिबॉडी कशा बनतात हे दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिककडच्या घेतल्या, साल्मोनेला जंतूचं प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात तो भाग) टोचलं, आणि अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत. त्यातून कळलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी बर्सात घडतात. शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकाने नाकारला, मग १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. आज ज्यांना आपण बी-पेशी म्हणतो त्यातला बी हा बर्साचा.

आता स्टिरॉइडचा भाग, माझ्या मते सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका. १९५९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मायर, राव आणि ॲस्पिनॉल यांनी अंड्यातल्या वाढत्या गर्भाला १९-नॉरटेस्टोस्टेरॉन दिलं. हे अॅनाबॉलिक (स्नायू वाढवणाऱ्या) गटातलं स्टिरॉइड, डेक्सापेक्षा अगदी वेगळं. त्या पिल्लांत बर्सा वाढलाच नाही. मग लोकांनी अंडी नुसती टेस्टोस्टेरॉनच्या द्रावणात बुडवून तेच साधलं. इथे मेलबर्नला झेनबर्ग आणि वॉर्नर यांनी हार्मोनने बर्सा थांबवण्याची ही पद्धत वापरून १९६२ मध्ये दाखवलं की बर्सा गेला तर अँटिबॉडी जातात पण परकी कातडी नाकारण्याची ताकद वेगळी असते, ती थायमसकडे. म्हणजे प्रतिकारशक्तीचे दोन हात आहेत हे ज्ञान आपल्याला अंड्यातल्या स्टिरॉइडच्या परिणामातून मिळालं. आणि पुन्हा वयाचाच नियम : अंड्यात किंवा बाहेर आल्याबरोबर बर्सा गेला तर मोठा खड्डा, जितका उशिरा काढाल तितका परिणाम कमी, कारण बी-पेशी तोवर बाहेर पडून प्लीहेत आणि इतरत्र वस्ती करून बसलेल्या असतात.

तुमच्या गंबोरोचंही हेच. तीन आठवड्यांच्या आत विषाणू लागला तर पक्षी वरून आजारी दिसतही नाही कधीकधी, पण बी-पेशींचा पुरवठा मुळातच तुटतो. हीट स्ट्रेसमध्ये पक्ष्याचं स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं (पक्ष्यात तेच मुख्य), आणि प्रयोगात खाद्यातून किंवा पाण्यातून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं की बर्सा, थायमस, प्लीहा तिन्ही लहान होतात, वजनही घटतं. तेव्हा दिशा तीच आहे, जोर विषाणूपेक्षा कमी. पहिल्या तीन आठवड्यांत ब्रूडिंगचं (पिल्लांना ऊब देण्याचं) तापमान, गर्दी, पाणी हे सांभाळणं म्हणजे बर्सा सांभाळणं असं समजा.

पोल्ट्रीवाला_नाशिक

जबरदस्त. आता मेलेले पक्षी उघडले की बर्सा प्लीहेशेजारी ठेवून आकार बघतोच बघतो, ती सवय आमच्या व्हेटने लावलीये पण कारण आज कळलं

वाचनवेडी

मी प्राणी पाळत नाही, पण हे सगळं वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली, त्याआधी मला बीटामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती बाळाच्या फुफ्फुसांसाठी. ती आता शाळेत जाते, सर्दी-खोकला सारखा असतो तिला. उंदरांचं वाचून वाटलं की तेव्हा तिचंही असं काही...?

मेलबर्नकर

ताई, नाही. हे ठामपणे लिहितो आणि का ते सांगतो.

ही इंजेक्शनंसुद्धा जनावरातूनच आली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते, प्रसूती सुरू कशी होते हे त्यांना शोधायचं होतं. गर्भातल्या कोकराला डेक्सा दिलं की मेंढी लवकर विते हे त्यांनी पाहिलं, आणि त्यातली काही कोकरं इतकी अपुऱ्या दिवसांची होती की त्यांनी श्वासच घ्यायला नको होता, पण ती श्वास घेत होती. फुफ्फुसं थोडी फुगलेली होती. हे १९६९ चं काम. मग लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी केली, १९७२ मध्ये छापून आली, आणि त्यानंतर जगभरात असंख्य कमी दिवसांची बाळं यामुळे वाचली. त्या पहिल्या चाचणीतली बाळं तीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, फुफ्फुसं यांत स्टिरॉइड न मिळालेल्यांपेक्षा फरक नव्हता, इन्सुलिनच्या प्रतिसादात थोडासा होता.

आणि उंदराचं का लागू करायचं नाही? दोन कारणं. एक, उंदीर, ससा, हॅमस्टर यांच्या लिम्फोसाइट स्टिरॉइडला फार नाजूक असतात, गिनीपिग, माकड आणि माणूस यांच्या पुष्कळ चिवट, हा फरक १९७० च्या सुमाराला चांगला नोंदवला गेलाय. दोन, नवजात उंदीर प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने फारच अपुरा जन्मतो, जे काम माणसाच्या, वासराच्या, कोकराच्या बाबतीत पोटातच उरकलेलं असतं ते त्याचं जन्मानंतर चालू असतं. निसर्गाने त्याची सोयही केलीये, जन्मानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लाच्या अंगात स्वतःचं स्टिरॉइड मुद्दाम अगदी कमी ठेवलेलं असतं, किरकोळ ताणाने ते वाढतही नाही. त्या शांत काळात बाहेरून सुई टोचली की नुकसान मोठं.

शाळेच्या पहिल्या वर्षांत सर्दी-खोकला सगळ्याच मुलांना सारखा होतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, पण त्या इंजेक्शनांचं ओझं मनावर घेऊ नका, त्यांनी तुमच्या मुलीला श्वास दिलाय.

वाचनवेडी

खूप खूप आभार. खरंच.

गोठावैद्य

मेलबर्नकर, कोकराचा मुद्दा काढलात ते फार बरं झालं. नवजात कोकराची थायमस काढली तरी ते उंदरासारखं खंगून मरत नाही, कारण टी-पेशी आधीच अंगभर पसरलेल्या असतात. म्हणून वासरू-करडू-कोकरू यांच्या बाबतीत मला "आयुष्यभराचं नुकसान" यापेक्षा "आत्ताचा संसर्ग" याची भीती जास्त वाटते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे पेशी असतात पण अनुभव शून्य, आणि आईच्या अँटिबॉडी वारेतून येत नाहीत. सगळी भिस्त चिकावर, म्हणजे विण्यानंतरच्या पहिल्या दुधावर.

करडू_सांगोला

मग डॉक्टर गाभण शेळीला डेक्सा दिलं तर? आमच्याकडे एकाने लंगडते म्हणून दिलं, दिवस भरायला अवकाश होता, शेळी दोन दिवसांत व्याली, दोन्ही करडं उभीच राहिनात. आणि गाईला तर मुद्दाम देतात ना दिवस उलटले की.

गोठावैद्य

हो, गाईला दिवस भरत आले असताना, शेवटच्या दोनेक आठवड्यांत, २० मिलिग्रॅम डेक्सा दिलं की साधारण एक ते तीन दिवसांत वीण होते. कारण पिल्लू स्वतःचं कॉर्टिसॉल वाढवूनच प्रसूतीची कळ दाबत असतं आणि आपण तीच कळ बाहेरून दाबतो. जार (वार) अडकण्याचं प्रमाण त्यात बरंच वाढतं. पोटातलं पिल्लू आईच्या कॉर्टिसॉलपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतं, वारेत एक विकर (एन्झाइम) असतं जे ते निष्प्रभ करतं, पण डेक्सा आणि बीटामेथासोन त्या विकराला दाद देत नाहीत, सरळ पलीकडे जातात. म्हणून गाभण जनावराला, मग ते लंगडणं असो की सूज, डेक्सा देण्याआधी दहादा विचार करायचा.

आता तुमच्या करडांचं. वेळेआधी वीण झाली की दोन घाव एकदम बसतात. अँटिबॉडी कासेत जमा होतात त्या विण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत, त्यामुळे चीक कमी आणि पातळ. आणि करडू उभंच राहत नाही म्हणून आहे तोही चीक वेळेत पोटात जात नाही. आतड्याचं दार उघडं असतं ते साधारण २४ तास, त्यातही पहिले काही तासच खरे. (उंदराच्या पिल्लात हे दार जवळजवळ तीन आठवडे उघडं असतं आणि त्याला स्टिरॉइड दिलं तर ते वेळेआधीच बंद होतं, हे १९५९ सालीच दाखवलं गेलंय.) अशा करडाला, वासराला वजनाच्या दहा टक्क्यांच्या हिशोबाने चीक पाजायचा, पहिला वाटा दोन तासांत, स्वतः पीत नसेल तर डॉक्टरांकडून नळीने. दुसऱ्या गाईचा, शेळीचा साठवलेला चीक चालतो, फ्रीजरमध्ये बाटल्या भरून ठेवा. पहिल्या दिवसाचा सगळा खरवस करून वाटून टाकू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

शिवार_बारामती

ताई एक शेवटचं विचारतो. मग ताप-सूज असली वासराला तर डेक्साऐवजी काय? डायक्लो तर बंद आहे म्हणतात.

गोठावैद्य

डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, गिधाडांमुळे (हे औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन ती मरतात), आणि किटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये बंद झाली. माणसांच्या मेडिकलमधून आणून तर अजिबात देऊ नका. मेलॉक्सिकॅम आहे, गिधाडांनाही सुरक्षित, वासराला किलोला अर्धा मिलिग्रॅम, पण ते डॉक्टरांनी बघूनच, कारण हगवण लागलेल्या, पाणी कमी झालेल्या वासराला आधी सलाइन किंवा ओआरएस आणि मग वेदनाशामक, नाहीतर मूत्रपिंडावर येतं. ताप उतरवला म्हणजे आजार गेला असं मेलॉक्सिकॅमबद्दलही समजू नका, पण ते पांढऱ्या पेशींचे हात बांधत नाही.

शिवार_बारामती

बरं. आता वहीत प्रत्येक वासरापुढे जन्मतारीख, चीक किती वाजता पाजला आणि स्टिरॉइड कधी दिलं असे रकाने टाकतो. पुढच्या महिन्यात कालवडींना ब्रुसेलाची (गर्भपाताच्या आजाराची) लस आहे, एकीला मागच्या आठवड्यात घसा सुजला होता म्हणून डॉक्टरांनी एक डेक्सा दिलंय. चालेल का तिला?

गोठावैद्य

महिनाभर आहे ना अजून, मग चालेल. एकच डोस होता आणि पुढे दिला नसेल तर तोवर असर निघून गेलेला असेल. ब्रुसेलाची एस-१९ ही जिवंत लस आहे, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात, म्हणून जिवंत लसीच्या आधी आणि नंतर दोन-तीन आठवडे स्टिरॉइड टाळायचं असं मी धरते. तुमची कालवड आठ महिने ओलांडणार नाही ना तेवढं बघा, आणि लस द्यायला जो येईल त्याला तो डेक्साचा रकाना आधी दाखवा. लस टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घातलेला हवा, ती माणसाला बाधते.